नव्या गाडीत बदल करताय? वॉरंटी हातची जाऊ न देता ते कसे करायचे

आपल्याकडे बरेच जण गाडीचं बेस किंवा मधलं मॉडेल घेतात आणि उरलेलं 'बाहेरून करून घेऊ' म्हणतात. यात वावगं काही नाही. टॉप मॉडेलसाठी लाखभर जास्त मोजून नको असलेल्या दहा गोष्टी घेण्यापेक्षा हव्या त्या तीन-चारच बसवणं शहाणपणाचं आहे. फक्त हे काम बहुतेकदा चुकीच्या क्रमाने होतं. गाडीचा हार सुकायच्या आत ती ॲक्सेसरीजच्या दुकानात उभी राहते, संध्याकाळपर्यंत स्टिरिओ, कॅमेरा, हॉर्न, लाइट सगळं बसतं, आणि सहा महिन्यांनी डॅशबोर्डवर एखादा दिवा पेटला की सर्व्हिस सेंटरवाला बोनेट उघडून एवढंच म्हणतो, 'साहेब, वायरिंग कट केलेलं आहे.'

म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. सगळ्याचा गाभा एकच: वॉरंटी चालू आहे तोवर असेच बदल करा, जे काढून टाकल्यावर गाडी होती तशी होते.

आधी वॉरंटीचं पुस्तक वाचा

ग्लव्ह बॉक्समध्ये जे जाडजूड पुस्तक असतं त्यातली वॉरंटीची पानं दहा मिनिटांत वाचून होतात. तीन गोष्टी शोधा. पहिली म्हणजे मुदत. मारुतीने जुलै २०२४ पासून ती २ वर्षं किंवा ४० हजार किमीवरून ३ वर्षं किंवा १ लाख किमीवर नेली. बाकीच्या कंपन्यांचीही साधारण तीन वर्षंच असते, किलोमीटरची अट मात्र वेगवेगळी. वर्षं आणि किलोमीटर यांतलं जे आधी पूर्ण होईल तिथे वॉरंटी संपते. इलेक्ट्रिक गाडी असेल तर मोठ्या बॅटरीची वॉरंटी वेगळी असते, बऱ्याच गाड्यांना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी.

दुसरी गोष्ट म्हणजे वॉरंटीत काय येत नाही ते. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब, फिल्टर यांची झीज तुमच्या खात्यात. टायर आणि १२ व्होल्टच्या बॅटरीची वॉरंटी त्या त्या उत्पादकाची असते, गाडीच्या कंपनीची नाही. ती कार्डं वेगळी जपून ठेवा.

तिसरी म्हणजे सर्व्हिसचं वेळापत्रक. पहिली सर्व्हिस बहुधा हजार-दीड हजार किमीला, पुढच्या साधारण सहा महिने किंवा वर्षाच्या अंतराने. 'फ्री सर्व्हिस' म्हणजे मजुरी फुकट, ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागू शकतात. गाडी कमी चालली म्हणून सर्व्हिस चुकवू नका. किलोमीटर भरले नसले तरी महिने भरतातच, आणि वॉरंटी नाकारताना हे कारण आधी पुढे केलं जातं.

'बाहेर काही केलं की वॉरंटी खल्लास' हे वाक्य तुम्हाला शोरूममध्येच ऐकायला मिळेल. ते जसंच्या तसं खरं मानू नका. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्ती या कंपन्यांनी आपल्याच मुठीत ठेवली आहे, असं आयोगाचं म्हणणं होतं. त्याच आदेशात आयोगाने सांगितलं की गाडी बाहेरच्या गॅरेजात नेली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. प्रकरण पुढे अपिलात गेलं, त्यामुळे हा आदेश हातात घेऊन काउंटरवर भांडायला जाऊ नका. पण तत्त्व लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्टिरिओ बदलला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी जात नाही. स्टिरिओसाठी कापलेल्या वायरमुळे इलेक्ट्रिकल बिघाड झाला, तर ती दुरुस्ती तुमच्या अंगावर येते.

पहिली सर्व्हिस होईपर्यंत काही बसवू नका

नव्या गाडीचे मूळ दोष बहुधा सुरुवातीलाच कळतात. कुठे खडखड वाजतं, एसीला वास येतो, दार नीट बसत नाही, टचस्क्रीन मधेच बंद पडते. हे सगळं गाडी कोरी असताना नोंदवलं तर दोष कोणाचा हा वादच उरत नाही. ॲक्सेसरी बसवल्यानंतर तोच स्क्रीन बंद पडला तर बोट ॲक्सेसरीकडेच जाणार.

सर्व्हिसला जाताना तक्रारी तोंडी सांगू नका, जॉबकार्डवर लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. आवाज असेल तर व्हिडिओ काढून ठेवा. 'नवीन गाडी आहे, बसेल हळूहळू' हे उत्तर मिळालं तरी नोंद झालीच पाहिजे. तीच तक्रार पुन्हा आली की या नोंदीचं वजन कळतं.

या काळात इंजिनही रुळत असतं. पहिले हजारेक किलोमीटर फार जोरात रेटू नका आणि एकाच वेगावर तासन्‌तास चालवूही नका. नव्या गाडीने पहिल्याच रविवारी एक्सप्रेसवेवर शंभरला क्रूझ लावून पुणे-मुंबई करण्यापेक्षा जुन्या हायवेने जा, वेग आपोआप कमीजास्त होत राहतो.

डिलिव्हरीच्या वेळचंही एक सांगतो. डीलर ॲक्सेसरीजचं पॅकेज गळ्यात मारू पाहतो. ते नाकारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, विमाही त्याच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. काही घ्यायचंच असेल तर कंपनीचा पार्ट नंबर असलेली वस्तू घ्या आणि ती बिलावर स्वतंत्र ओळीत लिहून घ्या. शोरूममधला मुलगाही कधीकधी दुकानातलाच माल बसवतो. बिलावर पार्ट नंबर नसेल तर ती कंपनीची ॲक्सेसरी आहे हे नंतर कसं सिद्ध करणार?

बिनधास्त करता येण्यासारखं

मॅट, पारदर्शक पीपीएफ (रंगावर ओरखडे येऊ न देणारी फिल्म), दाराच्या कडांची पट्टी, मोबाइल होल्डर, डिकीतला बूट ट्रे यांनी कशाचंच बिघडत नाही. दोनच ठिकाणी जपा.

मॅट ड्रायव्हरच्या बाजूला एकावर एक टाकू नका. वरचा सरकून ॲक्सिलरेटरखाली अडकतो. कंपनीने जमिनीवर दिलेल्या हुकात बसणाराच मॅट घ्या. संपूर्ण तळ झाकणारे सेव्हन-डी मॅट दिसायला छान, पण पावसाळ्यात खाली गेलेलं पाणी वाळतच नाही आणि गालिच्याला कुबट वास धरतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर मी साधे रबरी मॅटच घ्या म्हणेन.

सीट कव्हरचा विषय जास्त गंभीर आहे. आता बऱ्याच स्वस्त गाड्यांतही सहा एअरबॅग असतात, आणि त्यातल्या दोन पुढच्या सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेत असतात. तिथे 'एअरबॅग' लिहिलेली छोटी पट्टी शिवलेली दिसेल. अपघातात ती शिवण फाटून एअरबॅग बाहेर येते. त्यावर जाड आर्ट लेदर घट्ट ताणून शिवलं तर ती अडते किंवा भलत्याच दिशेला फुगते. त्या कडेला उघडं तोंड असलेलं किंवा सहज उसवणाऱ्या खास शिवणीचं कव्हर मागा. दुकानदाराला हे कळत नसेल तर दुकान बदला.

वायरिंग: खरी परीक्षा इथे

वॉरंटीचे वाद बहुतेक इथूनच सुरू होतात, म्हणून इथे सावकाश चला.

दुकानात आधी एकच प्रश्न विचारा, 'कपलर टू कपलर आहे का?' म्हणजे गाडीचा मूळ प्लग काढून त्याच मापाचा तयार हार्नेस (प्लगसकट वायरींचा जुडगा) मध्ये लावायचा, एकही वायर सोलायची नाही. बऱ्याच गाड्यांच्या स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, फॉग लॅम्प आणि हॉर्नसाठी असे हार्नेस मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत शोधलंत तर बहुधा सापडेल, थोडे पैसे जास्त पडतील एवढंच. तो नाही म्हणून फिटर वायर सोलून पिळून त्यावर काळी टेप गुंडाळायला लागला, तर त्याला तिथेच थांबवा. टेप उन्हात चिकट होऊन सुटते, पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं, आणि मग वर्षभराने कधी चालणारा कधी न चालणारा बिघाड सुरू होतो, जो शोधायलाच दोन दिवस जातात.

हेडलाइटचा हिशेब समजून घ्या. साधा एच४ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. १२ व्होल्टवर ६० वॉटचा बल्ब साधारण ५ अँपिअर घेतो. त्याच होल्डरमध्ये १००/९० चा बल्ब लावला की ८ अँपिअरच्या वर जातो. वायर तीच, स्विच तोच. होल्डर वितळल्याचं मेकॅनिकला बाहेर काढताक्षणी दिसतं आणि तिथे वॉरंटीचं बोलणंच संपतं. शिवाय एवढ्या वॉटचा बल्ब रस्त्यावर कायदेशीरही नाही. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला तर वीज कमी लागते, पण प्रकाश विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. उजेड खरंच कमी वाटत असेल तर आधी बीमची उंची सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्या. बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं.

डॅशकॅम मात्र जरूर लावा. त्याची वायर काचेच्या कडेने आणि मग बाजूच्या खांबातून खाली येते. त्या खांबाच्या प्लास्टिकखाली कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी) असू शकते. वायर तिच्यावरून आडवी गेली तर एअरबॅग उघडताना ती वायर चाबकासारखी सुटते. वायर एअरबॅगच्या मागून, मूळ हार्नेसच्या सोबत बांधलेली असली पाहिजे. कव्हर परत लावण्याआधी स्वतः वाकून पाहा, फोटो काढा. काचेच्या वर मध्यभागी एडासचा (ड्रायव्हरला सावध करणाऱ्या, गरजेला ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा असेल तर डॅशकॅम त्याच्या नजरेच्या आड येऊ देऊ नका. वीज फ्यूज बॉक्समधून 'फ्यूज टॅप'ने (वायर न कापता फ्यूजच्या जागी बसणाऱ्या जोडणीने) घ्या, एअरबॅग किंवा ब्रेकच्या फ्यूजला हात न लावता. गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग हवं असेल तर बॅटरीचा व्होल्टेज उतरला की आपोआप बंद होणारं किट लागेल.

अजून एक बारकावा, जो फिटरही बऱ्याचदा विसरतात. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारं इंजिन असेल तर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर एक छोटा सेन्सर बसवलेला दिसतो. बॅटरीत किती वीज आत-बाहेर गेली हे तो मोजतो. ॲक्सेसरीची अर्थिंग थेट त्या टोकाला जोडली तर ती वीज सेन्सरला दिसतच नाही, आणि ऑटो स्टार्ट-स्टॉप नीट चालेनासं होतं. अर्थिंग नेहमी गाडीच्या बॉडीच्या बोल्टला द्यायची.

मोठा अँड्रॉइड स्टिरिओ घेण्याआधी सध्याच्या युनिटमधून काय काय चालतं ते पाहा. स्टीअरिंगवरची बटणं, पार्किंग सेन्सरचं चित्र, कॅमेरा, काही गाड्यांत एसीची माहितीसुद्धा त्यातूनच येते. गाडीचे आतले संदेश स्टिरिओला समजावून देणारा त्या मॉडेलचा कॅन डीकोडर सोबत नसेल तर यातलं काहीतरी नक्की बंद पडणार.

आणि जे जे काढलं ते फेकू नका. मूळ स्टिरिओ, बल्ब, हॉर्न, स्क्रू, क्लिपा, सगळं एका खोक्यात. सर्व्हिसला जाण्याआधी गरज पडली तर परत बसवता येतं, गाडी विकतानाही उपयोग होतो.

टायर आणि अलॉय

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतं. त्यावर टायरचा मान्य आकार आणि हवेचा दाब असतो. तुमच्या गाडीच्या टॉप मॉडेलला जो आकार येतो, तो सगळ्यात निर्धास्त बदल.

बाकी हिशेब स्वतः करता येतो. उदाहरणार्थ १८५/६५ आर१५ हा आकार. १८५ मिमी रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे टायरची १२०.२५ मिमी उंच भिंत, वर-खाली मिळून २४०.५, त्यात रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. एकूण व्यास ६२१.५ मिमी. १९५/६५ आर१५ केला तर ६३४.५, म्हणजे दोन टक्के वाढ. २०५/६५ केला तर ६४७.५, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. तीन टक्क्यांपुढे जाऊ नये असा जुना संकेत आहे आणि मी तो पाळायला सांगेन, कारण पुढे स्पीडोमीटर कमी वेग दाखवू लागतो, टायर वळताना आत घासू शकतो आणि व्हील बेअरिंग व सस्पेन्शनवर वाढीव ताण येतो. सोळा इंची अलॉय हवे असतील तर १९५/५५ आर१६ चा व्यास ६२०.९ येतो, जवळजवळ मूळ एवढाच. लोड इंडेक्स (टायर पेलेल ते वजन) आणि स्पीड रेटिंग (टायरची वेगमर्यादा) मूळपेक्षा कमी नको. अलॉयचं पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि मधलं भोक जुळलंच पाहिजे. मध्ये स्पेसर (चकती) घालून जुळवलेलं चालत नाही.

गाडी उंच करायला स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालतात, ते वॉरंटीत टाळा. सस्पेन्शनचा दावा जातो, ड्राइव्ह शाफ्टचा कोन बदलतो, हेडलाइट वर बघू लागतात आणि एडास असेल तर त्याचा अंदाज चुकतो.

जे कायद्यातच बसत नाही

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

बंपरपुढचा लोखंडी बुल बार त्यात पहिला. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. पादचाऱ्याला तो मारक आहेच, शिवाय पुढच्या धक्क्याचं बळ तो थेट चासीवर नेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडवतो. काळी फिल्म दुसरी. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ एप्रिल २०१२ च्या निकालाने काचेवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आली. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश जायला हवा. पुढे फिल्मबाबतचा नियम बदलला, आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने या टक्केवारीत बसणारी फिल्म चालते असं म्हटलं. पण आपल्या नाक्यावरच्या हवालदाराच्या हातात मीटर असेलच असं नाही. नागपूर-जळगावच्या उन्हात फिल्मचा मोह होतो हे समजतं. गाडी उभी असताना सनशेड लावा आणि निघताना काढा. कर्कश प्रेशर हॉर्न, आवाज करणारा सायलेन्सर, छतावरचे लाइट बार, लाल-निळे दिवे, 'दादा' किंवा 'बॉस' वाचता येईल अशी नंबर प्लेट, या सगळ्याला साफ नाही म्हणा. गाडीचा रंग बदलायचा असेल किंवा पूर्ण रॅप करायचा असेल तर आधी आरटीओत नोंद लागते.

सीएनजीचं वेगळं आहे. बीएस-६ (२०२० पासूनच्या प्रदूषण निकषांच्या) पेट्रोल गाडीला बाहेरून किट बसवायची परवानगी २०२२ पासून आहे, पण किट तुमच्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त हवं, आरसीवर आणि विम्यात नोंद हवी, आणि टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. इंजिन आणि इंधन यंत्रणेच्या वॉरंटीवर मात्र पाणी सोडावं लागेल हे गृहीत धरा. रोजचं धावणं जास्त असेल तर कंपनी फिटेड सीएनजीच घ्या.

ईसीयू रिमॅप (इंजिनच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलणं) आणि ताकद वाढवायला जोडायच्या ट्यूनिंग बॉक्सबद्दल थोडक्यात सांगतो: वॉरंटी संपेपर्यंत नको. 'परत स्टॉक करून देतो' म्हणतात, पण सॉफ्टवेअर किती वेळा बदललं याची नोंद बऱ्याच ईसीयूत राहते.

पावसाळा आणि उंदीर

कोकण किनाऱ्यावर, खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी अंडरबॉडी कोटिंग विचारपूर्वक करावं. पठारावर त्याची घाई नाही. करणारा माणूस पाण्याची भोकं बुजवत नाही ना, सायलेन्सर, ब्रेक आणि रबरी बुशवर फवारत नाही ना, हे उभं राहून बघा. दारांच्या खालची भोकं बुजली तर पाणी आत साठून गंज आतूनच धरतो.

उंदरांनी वायर कुरतडली तर ते वॉरंटीत येत नाही. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर आत खाण्याचं काही ठेवू नका, बोनेट अधूनमधून उघडा, खालून जाळी लावून घ्या. विमा घेताना हे नुकसान भरून मिळतं का ते विचारा.

विम्याला कळवा

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, स्वतःच्या नुकसानीचा मात्र दर वर्षी घेता येतो. महागडा स्टिरिओ, अलॉय, सीएनजी किट यांची नोंद पॉलिसीत थोडा हप्ता वाढवून करता येते. नोंद नसेल तर त्या वस्तूची भरपाई मिळत नाही, आणि नोंद नसलेल्या सीएनजी किटमुळे संपूर्ण दावाच अडू शकतो.

दावा नाकारला तर

तोंडी नकार स्वीकारू नका. कोणता भाग, कोणता बदल कारणीभूत, आणि तो कसा, हे जॉबकार्डवर किंवा ईमेलवर लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की अनेकदा सूर बदलतो. पैसे भरून भाग बदलावा लागला तर जुना भाग ताब्यात घ्या. मग डीलरला वगळून कंपनीच्या ग्राहक विभागाला बिलं, फोटो आणि जॉबकार्डांसह लिहा. तिथेही दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतरचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोगाचा. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल अशी प्रकरणं तिथे चालतात, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. अर्जासोबत पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी जॉबकार्डं तारखेप्रमाणे लावून जोडा.